खरवडसरांचा चेहरा

“सर, तुम्ही कधी जिवंत माणूस रंगवलाय का?”

विचारलं एकदाचं! पैज मैत्रिणींची, जीभ माझी. मागे खुसखुस झाली आणि लगेच विझली, कारण सरांच्या हातात पातं होतं. त्याच पात्यानं ते आमचे न जमलेले ओले चेहरे कॅनव्हासवरून खरवडून काढतात, म्हणून पाठीमागे त्यांचं नाव खरवडसर.

क्लासमध्ये वर्षभर आम्ही एकाच चित्राची नक्कल करतोय. कुण्या जुन्या उस्तादानं तैलरंगात रंगवलेला टोपीवाला म्हातारा.

सर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. “मी आहे ना जिवंत? रंगव. नाही जमलं तर उद्यापासून यायचं नाही.”

म्हातारा मला झोपेतही जमतो. तपकिरी छाया, तांबूस गाल, नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका. धडाधड लावत सुटले.

सर बघायला आले आणि ठसका लागेपर्यंत हसले. “या, सगळे या! बाईसाहेबांनी मला कावीळ केलीय. आणि नाक? म्हाताऱ्याकडून उसनं आणलंस?”

खरंच की. म्हाताऱ्यावरचं वॉर्निश जुनं होऊन पिवळं पडलंय. तोच पिवळा मी सरांच्या कातडीत कालवला होता.

“हा पिवळा तुम्हीच शिकवलात, सर.”

“वर तोंड करून बोलते!” टर्पेंटाइनची चिंधी फिरली, सर पुसले गेले. “शेवटची संधी.”

पैज लावणाऱ्याच आता मला हसत होत्या. मी म्हाताऱ्याकडे पाठ केली आणि सरांकडे नीट पाहिलं. अगोबाई! कलपाखाली पांढरी मुळं. डावा डोळा बारका. आणि खालचा ओठ? मी मान वर केली की तो आत ओढला जायचा, पातं जवळ आलं की आमचा जातो तसाच. सर घाबरले होते! मग सोडते होय? सगळं लावलं. ओठ तर चवीनं लावला.

“अगं, हुबेहूब!” मागून कुणीतरी म्हणालं. हसलं कुणीच नाही.

सरांनी पाहिलं, पातं उचललं, ओठ खरवडला. डोळ्यांपर्यंत पातं नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

“हात आहे तुला,” ते हळू म्हणाले. “काळीज नाही. नीघ.”

घरी आई भाजी निवडत होती, बाबा पेपर वाचत होते. मी ओला कॅनव्हास भिंतीला टेकवला.

“क्लास संपला,” मी जाहीर केलं. “उद्यापासून घरातले चेहरे. बाबा, आधी तुम्ही. टकलावर केस ओढायचे नाहीत. आणि आई, आत्तापासून हनुवटी उचलू नकोस. मी पाहिलंय सगळं.”