भिंतीकडून आलेला भोंगा

गाडीखाली सापडलेला म्हातारा शिंपी जीव द्यायलाच आला होता, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. तपास करणाऱ्या बाईंचं तेवढं होईना.

"चालकानं डोळ्यांनी पाहिलंय," साहेब वैतागले. "शेजारच्या रुळावरून चालला होता, भोंगा ऐकून मुद्दाम गाडीपुढे आला. आत्महत्या लिहा नि मोकळ्या व्हा."

"लिहीन की. पण खात्री करून."

शिंप्याच्या मुलीनं दारातच विचारलं, "त्या सकाळी मी बाबांना वाट्टेल ते बोलले. डोळे गेलेत, मशीन विका म्हटलं. माझ्यामुळेच गेले ना?"

बाईंच्या ओठांवर धीराचे शब्द आले होते, ते त्यांनी गिळले. "तुमचं मन राखायला मी काही लिहिणार नाही. पण छडा लावल्याशिवाय गप्पही बसणार नाही."

चालकाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. "माझीच गाडी का निवडली त्यानं?" हे एकच पालुपद.

"तो तुमच्याकडे बघत होता?"

चालक अडखळला. "नाही... पाठ होती. पुढे वळणाकडे बघत होता."

बाई त्याला घेऊन थेट जागेवर गेल्या. वळणावर बंद गिरणीची उंच भिंत होती. रुळांपासून चांगलं लांब उभं करून त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. भोंगा वाजला की गाडी कुठून येतेय ते दाखवा."

भोंगा वाजला. चालकानं छातीठोकपणे समोर वळणाकडे बोट केलं, आणि गाडी पाठीमागून धडधडत आली. तो डोळे उघडून आपल्या बोटाकडे बघत राहिला. "अहो, जन्म गेला माझा या आवाजात!"

एकावर भागवतील तर त्या बाई कसल्या! रूळ दुरुस्त करणाऱ्यांनाही त्यांनी तसंच उभं केलं. बहुतेकांची बोटं भिंतीकडेच गेली. मग त्यांनी लिहिलं: भोंग्याचा आवाज भिंतीवर आपटून समोरून आल्यासारखा वाटतो; गाडी समोरून आपल्याच रुळावर येतेय असं वाटून माणूस जीव वाचवायला शेजारच्या रुळावर सरकला. अपघात. भिंतीजवळ रुळांवरून होणारी लोकांची ये-जा आजच बंद करावी.

"वरचे विचारतील," साहेब कुरकुरले.

"विचारू देत. त्यांनाही डोळे मिटून उभं करीन."

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे बाबा घरीच येत होते?"

"हो. घरीच. तोंड वळणाकडे होतं, घराच्याच दिशेला."

तेव्हा कुठे ती हमसून रडली. बाईंना पुढची कामं होती, पण त्या उठल्या नाहीत.