आ-शिउंगला नको तिथं लागलं तेव्हा

मी एक जुनं सोनोग्राफी मशीन बोलतोय, मित्रांनो. तैवानमधल्या तैतुंगच्या एका इस्पितळात माझा मुक्काम. कारखान्यातून आलो तेव्हा माझा पडदा लखलखीत होता. माणसाला ऐकू न येणारा आवाज मी अंगात सोडतो, त्याचा प्रतिध्वनी झेलतो आणि आतलं चित्र दाखवतो. कापणं नाही, टोचणं नाही.

पोटातली बाळं दाखवली की सगळे माझ्यावर खूश. पण पुरुषांना नाजूक जागी मार लागला, की माझ्याकडे यायला ते लाजायचे. उशिरा यायचे, आणि मला वाईट बातमीच दाखवावी लागायची.

एका रविवारी आ-शिउंग आला. सीताफळांच्या बागेचा मालक आणि गावच्या बेसबॉल संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. उकडतं म्हणून त्यानं जांघेत घालायचं गार्ड घातलं नव्हतं, आणि चेंडू टप्पा घेऊन नेमका नको तिथं बसला होता. मागोमाग त्याची बायको मेइ-हुई.

"घरी बर्फ लावला असता तरी भागलं असतं," तो कुरकुरला.

"म्हणून असा खेकड्यासारखा चालतोयस? झोप गुमान!"

डॉक्टर जियान बाईंना पाहून तो आणखीच आक्रसला. "पुरुष डॉक्टर नाहीत?"

"आहेत. ते मासे पकडायला गेलेत," बाई हसल्या. "दादा, चादर आहे अंगावर. आधी न दुखणारी बाजू बघू, म्हणजे फरक कळेल."

चांगल्या बाजूचं वृषण पडद्यावर उमटलं. गुळगुळीत कडेचं, आतून एकसारखं करडं. मग दुखरी बाजू. तिथे कड एका जागी तुटली होती, आतला भाग बाहेर डोकावत होता, भोवती रक्त साचलं होतं. बाईंनी कळ दाबली आणि मी रक्तप्रवाह रंगांत दाखवला. तुटक्या कडेपाशी अंधार, बाकी सगळीकडे लाल-निळं झुळझुळत होतं.

"काढून टाकावं लागेल?" आ-शिउंगनं विचारलं. त्या दोघांना मूल हवं होतं. मेइ-हुईनं त्याचा हात घट्ट धरला.

"आवरण फाटलंय, पण रक्त पोचतंय. आत्ताच ऑपरेशन करून शिवलं तर बहुतेक वाचेल. उद्या आला असतात, तर मला एवढंही सांगता आलं नसतं."

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी तो पुन्हा माझ्यासमोर झोपला. कड सांधली होती, रंग सगळीकडे पोचले होते.

"होम रन!" तो ओरडला.

"हळू! बाहेर लोक बसलेत," मेइ-हुईनं दटावलं.

"बसू देत! ऐकू देत!"

आणि त्यानं खरंच गावभर सांगितलं. नाश्त्याच्या दुकानात सोयाबीनचं दूध पिता पिता, देवळाच्या अंगणात, मैदानावर. लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण त्यानंतर सायकलवरून पडलेला न्हावी तासाभरात आला, ज्यूदोचे मास्तर तर गणवेशातच आले. काहींना नुसती सूज होती. ते हसत घरी गेले.

आता नवं मशीन आलंय. मी कोपऱ्यात असतो, गर्दी झाली की मला बोलावतात. माझी वायर ओढू नका, काम झाल्यावर तपासणीसाठी लावलेलं चिकट जेल पुसा, एवढंच मागणं. आणि मित्रांनो, खेळताना गार्ड घाला. तिथं लागलं, तर लाजून गप्प बसू नका. घरच्यांना लगेच सांगा. मला आतलं दिसतं, पण हाक मारता येत नाही. ती तुम्हीच मारायची.