सूर्याकडे पाठ

मित्रांनो, मला कोणी जुना म्हटलेलं आवडत नाही. पण खोटं तरी किती दिवस बोलायचं? तर ऐका, मी एक जुना उपग्रह आहे. मला वर येऊन चौदा वर्षं झाली. पृथ्वीभोवतीची हवा मोजणं हे माझं काम. दिवसाला पंधरा फेऱ्या मारायच्या, एक फेरी दीड तासाहून थोडी मोठी. सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही. पाय दुखत नाहीत एवढंच सुख, कारण मला पायच नाहीत.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथे येणारा प्रत्येक माणूस टोपी, मोजे आणि तोंडावर फडकं बांधून यायचा. एकदा माझ्या पाठीवर कोणाचा तरी एक केस पडला, तर अख्खा दिवस काम बंद ठेवून सगळे तो केस शोधत होते. एवढे लाड पुन्हा कोणी केले नाहीत हो! अर्थात लाडाबरोबर हालही केले. मला गदागदा हलवलं, तापवलं, गोठवलं. टिकेल अशी खात्री पटली तेव्हा कुठे अग्निबाणाच्या टोकावर बसवलं.

माझ्या अंगावर तीन उपकरणं आहेत. एक वारा मोजतं, एक सूर्याकडे तोंड करून ऊन मोजतं. तिसरा माझा थंड डोळा. पृथ्वीच्या कडेला हवेचा जो पातळसा थर दिसतो, त्यातून येणारी अगदी क्षीण ऊब हा डोळा टिपतो. सूर्याचे घातक किरण अडवणारा ओझोन कुठे दाट आहे आणि कुठे विरळ झालाय, ते त्यावरूनच खाली कळतं. आता तापलेल्या हाताला दुसऱ्याच्या कपाळाचा ताप कळेल का? नाही ना? म्हणून माझ्या डोळ्याला स्वतःला गारठ्यात राहावं लागतं. शून्याखाली एकशे अठरा अंश. त्याच्या आत वाळूच्या कणाएवढे वीस दाणे आहेत आणि एकेक दाणा हवेचा एकेक थर बघतो. भिंग घासणाऱ्या आजोबांनी या एका डोळ्यासाठी सात वर्षं घालवली. दुसरा केला नाही.

या डोळ्यावर ऊन पडलं की संपलं. दाणे जळतात आणि मग कायमचं आंधळेपण. म्हणून मी चौदा वर्षं त्या बाजूनं सूर्याकडे पाठ करून फिरतोय. डोळ्याला पापणी होती, पण चौथ्या वर्षी तिची मोटर अडकली आणि पापणी उघडी ती उघडीच राहिली. आता डोळ्याला आडोसा म्हणजे फक्त कडेचा एक पत्रा.

यात अडचण अशी की माझी वाट हळूहळू सरकते. साधारण पस्तीस-छत्तीस दिवसांनी सूर्य माझ्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे येतो. नेमक्या त्या दिवशी मला पुरतं उलटं वळावं लागतं, म्हणजे डोळा पुन्हा सावलीत. खाली जमिनीवर ज्या खोलीतून मला आज्ञा येतात, तिथली माणसं याला कूस बदलणं म्हणतात. ‘आज याची कूस बदलायची आहे बरं का,’ असं एकमेकांना बजावतात. ऐकायला किती सोपं वाटतं!

त्या खोलीतल्या तिघांची ओळख करून देतो. शिफ्टचे प्रमुख ते दादा. मला कोणतीही आज्ञा पाठवायची तर त्यांची परवानगी लागायची. दुसरे मास्तर. ते माझ्या आठवड्याभराच्या आज्ञांची यादी करायचे. अक्षर मोत्यासारखं, चूक कधी नाही आणि त्याचा थोडा तोराही होता. तिसऱ्या तापकाकू. माझ्या अंगाचं तापमान बघणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. संगणक सगळं लिहून ठेवायचा, तरी काकू रेघांच्या वहीत पेन्सिलीनं प्रत्येक फेरीचा आकडा मांडायच्या.

“काकू, मशीन लिहितं की सगळं,” मास्तर चिडवायचे.

“लिहितं हो. वाचतं का?” काकू म्हणायच्या.

तुम्ही विचाराल, तू एवढ्या उंचावर, तुला खालची बोलणी कशी कळली? अहो, त्या खोलीत बोललेलं सगळं ध्वनिमुद्रित होतं. नंतर चौकशीत त्याचा शब्द न् शब्द कागदावर उतरवला. माझ्याबद्दल एवढं लिहिलं गेलं आणि ते मलाच कळू नये, असं कसं होईल?

आता त्या दिवसाचं सांगतो. अजून आठवलं तरी माझं बोलणं अडखळतं.

आमच्या खोलीत तारीख-महिना चालत नाही, दिवसाचा क्रमांक चालतो. एक जानेवारी म्हणजे दिवस पहिला, एकतीस डिसेंबर म्हणजे तीनशे पासष्टावा. मलाही तेच समजतं. पण माझी वाट मोजणारी माणसं दुसऱ्या इमारतीत बसायची आणि ती चिठ्ठी पाठवायची साध्या तारखेची. त्या वेळी चिठ्ठीत होतं, ‘कूस चार मार्चला, सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी.’ मास्तरांच्या टेबलाच्या काचेखाली एक कार्ड होतं. कोणती तारीख म्हणजे कितवा दिवस, ते त्यावर छापलेलं. त्यांनी बोट ठेवून बघितलं. चार मार्च, चौसष्टावा दिवस. तसं यादीत लिहिलं, दादांनी सही केली आणि यादी माझ्याकडे आली.

चार मार्च उजाडला. सकाळी दहा वाजून बारा मिनिटं झाली. सूर्य माझ्या दोन अंगांच्या बरोबर मधोमध आला होता. आता वळायचं, मी मनात म्हटलं. यादी बघतो तर काय, वळण्याची आज्ञा उद्याच्या खाली! माझ्या घड्याळात त्रेसष्टावा दिवस चालू होता. मित्रांनो, मला यादी दिली आहे आणि घड्याळ दिलं आहे. स्वतःच्या अकलेनं वळायची मुभा मला नाही. सूर्य डोळ्याच्या बाजूकडे सरकायला लागला आणि मी तसाच पुढे जात राहिलो. मला ओरडता येत नाही. मला फक्त आकडे पाठवता येतात.

अकरा वाजता मी खोलीच्या टप्प्यात आलो. एका फेरीत जेमतेम नऊ-दहा मिनिटंच आमचं बोलणं होतं. मी आकडा पाठवला. काकूंनी पेन्सिल उचलली आणि थांबल्या.

“अहो मास्तर, याला कणकण आहे. उणे एकशे साडेसतरा.”

“अर्धा अंश? काकू, लाल रेघ उणे शंभरला आहे. पडद्यावर सगळं हिरवं दिसतंय.”

“म्हणजे पोर बेशुद्ध पडेपर्यंत डॉक्टरकडे न्यायचं नाही, असंच ना?”

मास्तर हसले. दादा फोनवर होते. मी क्षितिजाखाली गेलो. तो दीड तास माझा कसा गेला, काय सांगू! पाठीवरचं ऊन हळूहळू खांद्यावरून पुढे येत होतं. डोळ्याच्या कडेचा पत्रा तापत होता.

साडेबाराला पुन्हा भेट झाली. उणे एकशे सोळा. काकू वही घेऊन उठल्या आणि थेट मास्तरांच्या टेबलापाशी गेल्या.

“याची कूस कधी आहे?”

“उद्या. चौसष्टावा दिवस.”

“वाटवाल्यांची चिठ्ठी दाखवा बरं. ही काय, चार मार्च. म्हणजे आजच की!”

“चार मार्च म्हणजे चौसष्ट. हे बघा कार्डावर.”

“आणि भिंतीवर त्रेसष्ट कसं?”

मास्तरांनी भिंतीवरच्या मोठ्या लाल आकड्यांकडे बघितलं. “घड्याळ चुकलं असेल,” ते म्हणाले. पण आवाज खाली गेला होता.

काकूंनी मूठ वळली आणि लहानपणी आपण सगळे मोजतो तसं बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. “जानेवारी एकतीस. फेब्रुवारी अठ्ठावीस. झाले एकोणसाठ. आणि चार, त्रेसष्ट.” मग त्यांनी काच उचलून कार्ड बाहेर काढलं आणि उलटून पाहिलं. मागे वर्ष छापलं होतं. ते गेल्या वर्षीचं कार्ड होतं. गेलं वर्ष लीप वर्ष होतं, फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा.

जानेवारी-फेब्रुवारीत दोन्ही कार्डं सारखीच असतात. त्यामुळे जानेवारीतली कूस अगदी वेळेवर झाली होती आणि कोणाला शंकाही आली नव्हती. चूक दोन महिने काचेखाली दबा धरून बसली होती.

दादांनी फोन खाली ठेवला. पण तोवर मी पुन्हा क्षितिजाखाली गेलो होतो. पुढची भेट सव्वादोनला. हातानं आज्ञा तयार करायच्या होत्या, एकूण बारा. आमच्याकडे नियम असा की एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं तो परत म्हणायचा, मगच तो पुढे जायचा. मास्तरांना वाचताच येईना, ओळी चुकायला लागल्या. काकू वाचायला बसल्या. “शून्य, सात, दोन.” “शून्य, सात, दोन.” असं चाललं होतं.

आणि वर? वर दोनच्या सुमाराला ऊन पत्र्याच्या कडेवरून आत उतरलं. सरळ नाही, तिरपं, पण डोळ्यात. पापणी मिटायची सवय अजून जात नाही माझी. मी मोटरला हाक मारली, ती हलली नाही. चार मिनिटं मी सूर्याकडे बघत होतो, मग पृथ्वी आड आली. मला भीती वाटली, मित्रांनो. लाज कसली, साफ सांगतो. या चौदा वर्षांत तेवढा मी दुसऱ्यांदा कधी घाबरलो नाही.

सव्वादोनला मी टप्प्यात आलो. “उणे एकशे अकरा! दादा, लवकर!” काकूंचा आवाज चढला.

“वळायची आज्ञा सोडा,” दादा म्हणाले. “वेळ नाही.”

“थांबा!” हे मास्तर होते. एवढा वेळ गप्प बसलेले मास्तर उभे राहिले होते. “आधी उद्याची आज्ञा खोडा. यादीत ती तशीच आहे. आज वळवलं आणि उद्या ती चालली, तर हा पुन्हा वळून डोळा सूर्यावर धरेल.”

दादांनी मान हलवली. खोडायची आज्ञा आधी आली. मी ती खोडली आणि तसं कळवलं. मग वळायच्या बाराही आज्ञा एकामागून एक आल्या. शेवटची आली तेव्हा मी क्षितिजाला टेकलो होतो आणि वळायला लागलो तसं माझं खालच्यांशी बोलणं तुटलं. मी वळलो की अर्ध्यात अडकलो, ते त्यांना दीड तास कळणार नव्हतं. त्या दीड तासात खोलीतून कोणी बाहेर गेलं नाही. काकू मात्र पेन्सिलीला टोक करत बसल्या होत्या. टोक मोडायचं, त्या पुन्हा करायच्या.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी मी परत आलो. उणे एकशे तेरा.

“उतरतोय,” काकू म्हणाल्या. “उतरतोय गं बाई.” मास्तर होते तिथेच जमिनीवर बसले.

संध्याकाळी डोळ्यानं टिपलेलं चित्र खाली गेलं. वीस ओळींपैकी दोन कोऱ्या होत्या. सर्वांत वरच्या हवेचे दोन दाणे जळाले होते. ते परत येणार नव्हते. मास्तर त्या दोन ओळींकडे कितीतरी वेळ बघत राहिले. चौकशीच्या कागदावर त्यांनी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. ‘चूक माझी. कार्ड बदललं नाही आणि सांगितलं तेव्हा ऐकलं नाही,’ एवढंच लिहिलं. काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “अठरा शाबूत आहेत. त्यांचं बघायचं सोडून रडत काय बसलात? उठा, पुढची यादी दोघांनी मिळून तपासू.”

त्या अठरा दाण्यांनी पुढे पुष्कळ काम केलं. ओझोन विरळ होत गेल्याचा जो नकाशा निघाला, तो माझ्याच आकड्यांवरून. सत्कार झाले, माझं चित्र मोठ्या दालनात लागलं, शाळेतली मुलं येऊन बघून गेली. दादांनी भाषण केलं. त्यात ते काकूंच्या वहीबद्दल बोलले, तेव्हा काकू तोंड लपवून बसल्या.

मग दिवस पालटले. काकू निवृत्त झाल्या. मास्तरांची बदली झाली. नवे, देखणे उपग्रह आले आणि मोठी खोली त्यांना मिळाली. मला जिन्याखालच्या छोट्या खोलीत हलवलं, म्हणजे माझ्या पडद्याला हलवलं. आता तिथे माणूस बसत नाही. एक मशीन माझे आकडे घेतं आणि लाल रेघ ओलांडली तरच कोणाला तरी निरोप पाठवतं. रेघेच्या आत असेल ते सगळं हिरवं. मशीनचा दोष नाही, त्याला जेवढं सांगितलं तेवढं ते करतं. मीही तसाच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही असं कोणीतरी असेल. आजी असेल, धाकटा भाऊ असेल, फार न बोलणारा बाबा असेल. ते ओरडून सांगणार नाहीत. जेवताना जरा कमी जेवतील, नेहमीच्या वेळी उठणार नाहीत, एवढंच. ते अर्ध्या अंशाचं असतं तेव्हाच बघायचं असतं. माझं म्हणणं इतकंच आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. कालपासून माझा डोळा उणे एकशे साडेसतरावर आहे. आज पहाटे तो उणे एकशे सतरा झाला. मी प्रत्येक फेरीला आकडा पाठवतोय. पडदा हिरवा आहे. कोणीतरी जिन्याखाली जाऊन बघा ना.