फोटोच्या बटणाचा रुसवा

मी एक जुनं बटण आहे. हसू नका, मित्रांनो! ड्रोन उडवायचा जो रिमोट असतो ना, त्याच्या उजव्या खांद्यावर मी बसतो. मला दाबलं की वर उडणारा ड्रोन एक फोटो काढतो. एका दाबात एकच. डाव्या खांद्यावर माझा भाऊ बसतो. त्याच्या अंगावर लाल ठिपका आहे. त्याला दाबलं की व्हिडिओ सुरू होतो आणि पुन्हा दाबेपर्यंत चालूच राहतो. माझी सगळी कहाणी या भावाबद्दल मला वाटणाऱ्या मत्सराची आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगाच साळसूदपणाचा आव कशाला?

आम्ही दोघं एकाच साच्यातून निघालो. कारखान्यात एका बाईंनी बोटाला रबरी टोपी घालून आम्हाला दहा-दहा वेळा दाबून पाहिलं. मला दाबल्यावर त्या "छान" म्हणाल्या. भावाच्या वेळी काहीच बोलल्या नाहीत. एवढीशी गोष्ट, पण मी ती आजवर जपून ठेवली आहे.

आम्हाला विकत घेतलं ते थांबाकाकांनी. हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचं काम उंच छपरं, धुराडी आणि पाण्याच्या टाक्या तपासण्याचं. पूर्वी ते शिडी लावून स्वतः चढत. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांनी ड्रोन घेतला. तो हव्या त्या जागी पोहोचला की ते "थांब" म्हणत, जणू त्याला ऐकूच येतं. मग त्याचं डुलणं शांत होईपर्यंत श्वास रोखून उभे राहत आणि मला हलकेच दाबत. एका उड्डाणात ऐंशी-ऐंशी फोटो होत. त्यात भिंतीवरची केसाएवढी रेघसुद्धा स्पष्ट दिसे. भाऊ बिचारा बसून असे. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. खरं सांगायचं तर पाहत होतो. तो रिकामाच आहे ना, याची खात्री करून घ्यायला.

मग काकांची मुलगी कामात आली. टायरच्या दुकानावरच्या त्यांच्या छोट्या खोलीत ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाबा, ऐंशी वेळा थांबायचं आणि ऐंशी वेळा दाबायचं, कशाला एवढा खटाटोप? सरळ व्हिडिओ घेऊ. मग हवी ती फ्रेम त्यातून काढू."

"फ्रेम म्हणजे फोटो नव्हे गं," काका म्हणाले. "चालत्या चित्रातून उचललेला तुकडा तो. पुसट येतो."

"एकदा बघू तरी!"

पुढच्याच आठवड्यात एका गोदामाचं छप्पर तपासायचं होतं. काकांनी माझ्याकडून नेहमीसारखे फोटो घेतले, मुलीने भावाकडून व्हिडिओ. छपराचा एक सुटलेला पत्रा नेमका माझ्या दोन फोटोंच्या मध्ये राहून गेला. भावाला तो सापडला. काका हसून म्हणाले, "तुझंच बरोबर. आता तूच उडव."

त्या दिवसापासून माझ्या अंगाचा तिळपापड होऊ लागला. रिमोट मुलीच्या हातात गेला आणि मी अडगळीत पडलो, तेही जागच्या जागी! रोज भावाची टिकटिक ऐकायची, रोज त्याचं कौतुक ऐकायचं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, पण माझं मीठ तर कोणी चाखतच नव्हतं. एकदा मुलीने चुकून भावाला दोनदा दाबलं. त्यामुळे ड्रोन वर असताना व्हिडिओ बंद राहिला आणि खाली उतरल्यावर बंद करायला दाबलं तेव्हा सुरू झाला. घरी येऊन पाहतात तर वीस मिनिटं नुसते तिचे बूट! मला इतका आनंद झाला की काय सांगू. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा त्यालाच दाबलं.

महिने गेले. माझ्या कडेने धूळ बसली. मनातही बसली. मी ठरवून टाकलं, आता कधी माझी गरज पडलीच तर मीही दाखवून देईन.

ती वेळ एका संध्याकाळी आली. एका वसाहतीच्या उंच टाकीवर काळी रेघ दिसत होती. टाकी भरलेली आणि तिच्या सावलीत मुलांचं खेळायचं मैदान. ती रेघ म्हणजे शेवाळ असेल तर काळजी नव्हती. भेग असेल तर लगेच टाकी रिकामी करायला हवी होती. मुलीने टाकीभोवती ड्रोन फिरवून व्हिडिओ घेतला आणि तिथेच रिमोटला लावलेल्या फोनवर फ्रेम काढून दाखवली.

वसाहतीच्या इंजिनिअर बाईंनी तो फोन डोळ्यांजवळ नेला. "पुसट आहे हो. यावरून मी काय सांगू? उगाच टाकी रिकामी केली तर दोन दिवस शंभर घरांना पाणी नाही. आणि नाही केली तर..." त्या मैदानाकडे पाहू लागल्या. "मला स्पष्ट फोटो हवा."

बॅटरी चार मिनिटांची उरली होती, उजेड त्याहून कमी. मुलीने ड्रोन पुन्हा वर नेला, रेघेसमोर थांबवला आणि कितीतरी महिन्यांनी तिचं बोट माझ्यावर आलं.

आता आठवण झाली होय? मी मनात म्हणालो आणि अंग आखडून घेतलं.

तिने दाबलं. मी हललो नाही. पुन्हा दाबलं, जोरात. मी तसाच. पडद्यावरही फोटो काढायची खूण असते, पण तिच्या फोनचा नेमका तोच कोपरा तडकून बंद पडला होता.

"बाबा, बटण अडकलंय!" ती शेजारी उभ्या काकांना म्हणाली. रिमोट बॅटरीच्या नावाने ओरडू लागला. खाली मुलं खेळतच होती.

तेव्हा कुठे मी भानावर आलो. दाब, आणखी एकदा दाब, आता येतो! पण मला सुटता येईना. रुसवा सुटला होता, धूळ सोडत नव्हती.

काका शांतपणे म्हणाले, "व्हिडिओच चालू कर. फक्त फिरवू नकोस. थांब. श्वास रोख."

तिने भावाला दाबलं आणि दहा सेकंद ड्रोन जागेवरून हलू दिला नाही. त्या दहा सेकंदांतली फ्रेम काचेसारखी स्वच्छ आली. रेघेच्या कडा उकललेल्या होत्या आणि आतून पाणी झिरपत होतं.

"भेग आहे," बाई म्हणाल्या. "मैदान रिकामं करा, आत्ता!"

मित्रांनो, मला वाटे की ते थांबणं माझं आहे. ते काकांच्या हातातलं होतं आणि आता मुलीच्या हातात आलं होतं. भावाने ते काही माझ्याकडून हिरावून घेतलं नव्हतं.

घरी परतल्यावर काकांनी मऊ ब्रश घेऊन माझ्या कडा साफ केल्या. मुलीला म्हणाले, "चूक माझी. वापरत नव्हतो म्हणून याच्याकडे पाहिलंच नाही."

त्यांनी दोष स्वतःवर घेतला. अर्धा माझा होता, पण बटणाला तोंड कुठे असतं?

आता मुलगी आधी व्हिडिओ घेते आणि शंका आली की थांबून मला दाबते. भावाला जास्त काम मिळतं. अजून जळतो मी, खोटं कशाला सांगू! पण दाबलं की लगेच खाली जातो.

म्हणून विनंती, न वापरलेल्या वस्तूही अधूनमधून पुसत जा. आणि तुम्हालाच कोणी पुष्कळ दिवस विसरलं आणि मग एकदा हाक मारली, तर आधी ओ द्या. रुसायला नंतर वेळ मिळतो. त्या संध्याकाळी खाली मुलं खेळत होती आणि मी रुसलो होतो.