गोल फोटोची कड

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाला एक खोड लागते. फोटोच्या कडेला नेमकं नको ते येतं: चपलांचा ढीग, उष्ट्याची बादली, मानपानावरून रुसलेली आत्या. ते सगळं छाटायचं आणि मधली नवरा-नवरी तेवढी ठेवायची. हिमायतनगरच्या बसस्टँडजवळ बबिताचा स्टुडिओ होता, आणि नऊ वर्षांत तिनं अशा किती आत्या छाटल्या याची गणती नव्हती. याच खोडीनं तिचा घात केला.

गेल्या दिवाळीनंतर तिनं नांदेडहून एक जुनी फिशआय लेन्स आणली. पुढं फुगलेली काच, बेडकाच्या डोळ्यासारखी. पत्र्याच्या बुटक्या मंगल कार्यालयात मागं सरकायला जागा नसते, आणि या लेन्सनं अख्खी पंगत एका फोटोत मावते. फक्त फोटो भाकरीसारखा गोल येतो आणि भोवती सगळं काळं.

फाल्गुनात तिच्या गावच्या, म्हणजे केळजवाडीच्या, गायरानात पळस फुलला. झाडावर पान नाही, नुसती फुलं. बबिताला हे दिवस लहानपणापासून जीव की प्राण. लग्नाची तारीख नव्हती तेव्हा एका सकाळी ती स्कूटी घेऊन गायरानात गेली, तीन पळसांच्या मधोमध पाठीवर आडवी झाली आणि कॅमेरा कपाळाला लावून आभाळाकडं धरला. लेन्सनं फांद्या वाकवून एकमेकींत घातल्या. तीन झाडांचं रान झालं. लाल, केशरी, मधे निळा तुकडा, आणि फुलांत चोच घालून बसलेल्या साळुंक्या. दुसरीकडं बघायचं भानच तिला राहिलं नाही.

दुसरीकडं काय होतं ते तिला माहीत नव्हतं असं मात्र नाही. झाडं कापायच्या कटरची घरघर कानावर येत होती. आप्पासाहेब स्वतः तिच्या डोक्यामागं येऊन उभे राहिले होते, वेड्या बाभळी काढून गायरान साफ करतोय म्हणाले होते. तिनं हो हो केलं आणि बटण दाबत राहिली. आप्पासाहेब म्हणजे सरपंचांचे मालक. गावची सरपंच त्यांची बायको कस्तुराबाई. पाटीवर नाव बाईंचं, खुर्चीत बूड आप्पासाहेबांचं. बाई सही करायच्या, तीही मालक बोट ठेवतील तिथं.

आठ दिवसांनी आप्पासाहेबांनी तो फोटो मागितला. हरित गावांची कसलीशी स्पर्धा होती, गावातल्या झाडांचा फोटो जोडायचा होता. पण गोल नको म्हणाले, आडात डोकावल्यासारखं वाटतं. बबितानं कडा छाटून चौकोनी करून दिला. हात सवयीनं चालला, कडेला काय आहे ते डोळ्यांनी बघितलंसुद्धा नाही. गावाला बक्षीस मिळालं. फोटो काचेत बसून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, खाली बारीक अक्षरात तिच्या स्टुडिओचं नाव. काही काम नसताना ती दोनदा तो बघून आली होती, हेही सांगायला हवं.

चैत्र सरता सरता नागाबाई स्टुडिओत आली. नागाबाई पत्रावळी लावायची. पळसाला पानं फुटली की तिचा हंगाम, साऱ्या गावाची जेवणावळ तिच्या पत्रावळीवर. कागदाच्या चकचकीत ताटांचा जमाना आला तरी देवाच्या कार्याला नागाबाईचीच पत्रावळ लागायची. माघापासून ती लेकीकडं धर्माबादला मिरचीच्या कामावर गेली होती, म्हणून मधलं काही तिनं बघितलं नव्हतं. आली ती उन्हातून चालत आली होती, पण पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुझ्या फोटूत जंगल हाय म्हणं," ती म्हणाली. "मंग म्या गायरानात गेले तवा कुटं गेलतं ते?"

बबिताला काही कळेना. मग नागाबाईनं सांगितलं ते असं. गायरानात अठरा पळस होते. तिला एकेक ठाऊक, कुठल्याचं पान रुंद, कुठल्याचं चिवट. परत आली तर तीनच उभे. तक्रार घेऊन ती तालुक्याला कुठल्याशा कार्यालयात गेली. तिथल्या साहेबानं फाइल उघडली, बबिताचा फोटो काढून तिच्यापुढं धरला आणि म्हणाला, बाई, इतकं दाट रान आहे, गावाला बक्षीस आहे आणि तुम्ही झाडं तोडली म्हणता? वर शिपायाला म्हणाला की उन्हानं म्हाताऱ्या माणसांचं असं होतं.

"येडी ठरीवलं मला," नागाबाई म्हणाली. "तुझा फोटू दावून."

ती गेल्यावर बबितानं शटर अर्धं ओढलं आणि मूळ फाइल उघडली. आधी मधलं लाल दिसलं, आणि त्याचाच तिला राग आला. मग ती कडेकडंनं बघत गेली. लेन्स आभाळाकडं धरली तरी तिला चारी बाजूंचं जमिनीपर्यंत दिसतं, म्हणून गोल फोटोच्या कडेला सगळं गायरान वाकून आलं होतं. खोडं दिसत होती, गुडघ्याएवढी, ताज्या कापाची, आणि कापातून पळसाचा तांबडा डिंक ओघळलेला. पंधरा होती, तिनं तीनदा मोजली. एकही बाभूळ नव्हती. ट्रॅक्टरची ट्रॉली ओंडक्यांनी भरलेली. आणि खालच्या बाजूला, पार कडेला, धनुष्यासारखे वाकलेले आप्पासाहेब, पांढरे कपडे, हात लांब करून ड्रायव्हरला पुढचा ओंडका दाखवताना.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पासाहेबांचा राग तर आलाच, पण त्याहून स्वतःचा आला. हे सगळं तिच्याकडं होतं. तिनंच कापून टाकलं होतं. कुऱ्हाड त्यांची, पण वरून माती सारवली ती हिनं.

संध्याकाळी ती आप्पासाहेबांच्या ओट्यावर गेली. फोटोची गोष्ट काढली नाही, फक्त झाडांचं विचारलं. ते अजिबात चिडले नाहीत, चहा मागवला. पुतण्याच्या वीटभट्टीला जळण लागतं, गायरान काय कुणाच्या बापाचं आहे का, असं म्हणाले. उरलेले तीनही पावसाआधी काढायचे आहेत. पुढं ग्रामपंचायतीच्या सगळ्या कार्यक्रमांचे फोटो तुझ्याकडंच, असंही म्हणाले. कुंपणानं शेत खावं आणि वर ढेकर द्यावा, तशातली गत. बबितानं चहा तसाच ठेवला.

"झाडाचं काय घिऊन बसलीस," ते हसत म्हणाले. "झाडं फोटूत हाईत की. तूच काढल्यात."

हे वाक्य तिच्या डोक्यात चार दिवस कटरसारखं फिरत राहिलं. पाचव्या दिवशी ती नांदेडला गेली आणि तोच फोटो दाराएवढा छापून आणला. गोल, अख्खा, एक केस न छाटता.

एक मेला झेंडा झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. टेबलामागं कस्तुराबाई, शेजारी आप्पासाहेब, कडेला प्रोसिडिंगचं रजिस्टर घेऊन ग्रामसेवक. बक्षिसाच्या अभिनंदनाचा ठराव पहिला होता. फोटोग्राफरचाही सत्कार होता, म्हणून बबिताला पुढं बोलावलं. तिनं शाल घेतली नाही. आणलेली गुंडाळी नागाबाईला एका टोकाला धरायला लावली आणि दोघींनी मिळून ती फळ्यावर उलगडली.

हा तोच फोटो आहे, एवढंच ती म्हणाली. चौकोनी मी केला, चूक माझी, आज पुरा आणलाय, कडेनं बघा.

लोक उठले. आधी बायका आल्या, मग बापे. कुणीतरी बोट ठेवून खोडं मोजायला लागलं. कुणीतरी ट्रॉलीचा नंबर वाचला. मग एका म्हातारीनं खालच्या कडेवर बोट टेकवलं आणि मान वाकडी करून म्हणाली, अगं हे तर आपले आप्पासाहेब. पोरं खिदळली. बाकी कुणी हसलं नाही.

आप्पासाहेब टेबलाला वळसा घालून आले. चेहरा तांबडा झाला होता.

"खोटा हाय ह्यो फोटू," ते म्हणाले. "कॅम्प्युटरवर केलाय. आरं, कॅमेरा वर आभाळाकडं व्हता. म्या तर हिच्या डोक्यामागं उभा व्हतो, म्या कसा येईन फोटूत?"

आपण काय बोलून गेलो ते कळायला त्यांना दोन श्वास लागले. बबिताला वाटलं होतं की या क्षणी तिला लई बरं वाटेल. तसं काही झालं नाही. राग होता तिथंच होता.

तेव्हा टेबलामागून आवाज आला. पुष्कळांना तो कुणाचा ते पटकन ओळखू आलं नाही, कारण ग्रामसभेत तो कधी कुणी ऐकला नव्हता. कस्तुराबाई पदर सावरून उभ्या राहिल्या होत्या.

"तुमी तितं कामून उभे व्हते?"

आप्पासाहेब म्हणाले, खाली बस, घरी बोलू. त्या बसल्या नाहीत. नवऱ्याकडं न बघता ग्रामसेवकाकडं वळल्या.

"पंधरा झाडं लिवा. कुणी तोडली त्याचं नाव लिवा. अन् राहिलेल्या तीनाला जो हात लावील त्याच्यावर केस, त्ये बी लिवा."

ग्रामसेवकानं सवयीनं आप्पासाहेबांकडं बघितलं. मग बाईंकडं. पेनाचं टोपण काढून दातात धरलं आणि लिहायला लागला. लिहून झाल्यावर रजिस्टर बाईंपुढं सरकवलं. कुणी बोट ठेवलं नव्हतं, तरी सही कुठं करायची ते त्यांना बरोबर माहीत होतं.