जावळाला दोन मामा

औंधच्या यमाईच्या डोंगरावर त्या दिवशी एकाच पोराच्या जावळाला दोन मामा मांडी घालून बसले हुते, आन त्या दोघांस्नी बोलावलं हुतं मीच. आधीच सांगून टाकते, म्हंजे मागनं कुणी म्हणाय नको की रंगुबाई लपवती.

मला ल्योक दोन. थोरला विश्वजित मिलिटरीत, त्याची बायको क्रांती माझ्यापाशी उंब्रजात. धाकटा वीरधवल सांगलीकडं, कुपवाडात लेथवर कामाला. त्याची बायको क्षमा. क्रांतीला दोन पोरं आन तिसरं पोटात, आन क्षमाला अकरा वर्सं काय न्हाई. क्रांतीच आपनहून म्हणली, ह्ये तिसरं क्षमाला देऊ. सा म्हैन्याचा ऋषिराज तिनं सोताच्या हातानं जावंच्या ओटीत घातला. विश्वजित सुट्टी काढून आला, रजिस्टर हापिसात दत्तकपत्रावर चौघांच्या सह्या झाल्या.

तितनं पुढं क्रांतीच्या पोटात पेटलं. क्षमा फोनवर पोराचा व्हिडिओ पाठवायची, क्रांती तो दहा दहा येळा बघायची आन दर खेपंला म्हणायची, बारीक झालाय. ज्या दिवशी पोरगं क्षमाला पहिल्यांदा "आई" म्हणलं, त्या दिवशी हिनं भाकरी अशी थापली की हायवेवरचा ट्रकवाला टायर फुटला म्हणून खाली उतरला. खोटं न्हाई, मी त्याला पाणी दिलंय.

क्षमा तरी कुठली साधी? पोराच्या हनुवटीला खळी हाय, क्रांतीसारखीच. सगळी माणसं तीट गालाला लावत्यात. ही बया बरोबर त्या खळीत काजळ भरायची.

शेवटी क्रांती मला म्हणली, आत्ती, माझ्यासंगं कराडला चला. गेलो वकीलबाईकडं. बाईनं कागद वाचला, चष्मा काढला आन सांगितलं की दत्तक रीतसर झालंय, आता तुमाला ते मोडता येत न्हाई आन त्यांना पोरगं परत देता येत न्हाई. दिलं त्या दिवसापासनं क्षमा त्याची आई.

"आन मी?" क्रांतीनं विचारलं.

"तुम्ही चुलती."

येताना एसटीत तिनं मला शपथ घातली, घरात कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. पण पोराला चौथं लागल्यावर जावळाचं निघालं, तवा तिच्या डोक्यात परत आलं. जावळ मामाच्या मांडीवर काढत्यात. आपला भाऊ बसला की सगळ्या भावकीला कळंल पोरगं कुणाचं, आसं तिचं गणित. "मानसिंगदादाला बोलवा," म्हणली. मी बोलावलं. तिकडनं क्षमाचा फोन आला, तिच्या भावाला, लालासाहेबाला, मानानं बोलवा म्हणून. त्यालाबी बोलावलं. आता मला इचाराल का? तर दोघी सुना म्हैनाभर मला गोड बोलत हुत्या, आन त्ये मला लय आवडलं हुतं.

मग काय, डोंगरावर एकच सतरंजी. हिकडनं मानसिंग बसला, तिकडनं लालासाहेब बसला, मधी न्हावी वस्तरा घिऊन. मानसिंगाच्या मिशा आशा थरथरत हुत्या की देवळावरची कबुतरं उडाली. पोराचं डोकं भिजवून झालेलं, त्ये क्षमाच्या काखंत रडाय लागलं.

"रक्ताचा मामा मी हाय," मानसिंग म्हणला.

लालासाहेब म्हणला, "मग तीन वर्सं कुठं हुतासा पाव्हणं? पोराला ताप आला तवा दवाखान्यात मी बसलोय."

क्षमानं पोरगं दुसऱ्या काखंला घेतलं आन पिशवीत हात घातला. दुधाच्या बाटलीखालनं दत्तकपत्राची झेरॉक्स काढली, प्लॅस्टिकात घातलेली. देवाच्या दारात कागद घिऊन आली हुती बया. प्लॅस्टिकाच्या कडा झिजून पांढऱ्या पडल्या हुत्या. तवा मला उमगलं, ही तीन वर्सं त्यो कागद उशाला घिऊन झोपलीया.

क्रांती त्या कागदाकडं बघत ऱ्हायली. मला वाटलं आता फाडती.

"ठेव आत," ती म्हणली. "मला पाठ हाय त्यो." मग भावाकडं वळली. "दादा, ऊठ."

"आगं पण..."

"ऊठ म्हणते न्हवं. त्यो माझा पुतण्या हाय."

मानसिंग उठला. लालासाहेबानं पोराला मांडीवर घेतलं, वस्तरा फिरला. क्रांती बाजूच्या दगडाला टेकून हुभी. तिच्या तोंडाकडं मला बघवंना. केस खाली पडू द्यायचं नसत्यात, आत्यानं पदरात झेलायचं असत्यात, आन मला ल्येक न्हाई. न्हाव्यानं इचारलं, केस कोण धरतंय?

मी लगीच बोलले, "आमच्यात चुलती धरती. माझ्या आजेसासूच्या येळंपासनं हाय. एकदा धरलं न्हाईत, तर घरातल्या सगळ्या म्हशींना टक्कल पडलं हुतं."

क्रांतीनं माझ्याकडं बघितलं, पुढं झाली, गुडघ्यावर बसली आन पदर पसरला. एकेक बट त्यात पडत ऱ्हायली. पोरगं रडायचं थांबून तिच्या पदराकडं बघाय लागलं आन म्हणलं, "काकू, माझं हायती." ती "व्हय" म्हणली, हसली, आन पदराची गाठ आशी आवळून बांधली की सोडवाय कुणाची टाप न्हाई.

क्षमा माझ्याजवळ सरकली. तिची नजर त्या गाठीवरनं हलत न्हवती.

"आत्ती," ती हळूच म्हणली, "थोरल्या दोघांच्या जावळाला मी हुते की. तवा मला न्हाई कुणी पदर पसराय लावला."

"इसरली असशील," मी म्हणले, आन प्रसादाचं ताट तिच्या हातात दिलं.