दोन निबर तळव्यांच्या मध्ये

"ऐकलंत का? इस्त्रीवाल्या दादांचा पाय कापणार म्हणे! आणि सगळं झालं त्या—"

जिन्यातलं बोलणं तिथेच तुटलं, कारण वहिनी वर येत होत्या. मी त्यांच्या खांद्यावरच्या थैलीत होते. 'त्या'च्या पुढचा शब्द मला ऐकायची गरज नव्हती. मी रबराची शेकायची पिशवी. तो शब्द म्हणजे मीच.

वहिनींनी मला आणलं ते त्यांच्या पाठीसाठी. दोघं नवरा-बायको तीस वर्षं इस्त्रीच्या दुकानात उभी, तेव्हा पाठ काय म्हणेल? मी भरली जायची, शेकायची, खिळ्यावर लटकायची. सुखात होते. मग दादांचे पाय सुरू झाले.

अंगात साखर होतीच. आधी मुंग्या, मग करंट लागल्यासारख्या कळा, मग तळव्यांची आग. पांघरुणाचा काठ घासला तरी एवढा मोठा माणूस किंचाळायचा. आणि त्याच पायातून चप्पल निसटून मागे राहिली तर पत्ताच नाही!

हाडांचे डॉक्टर फोटो बघून म्हणाले, "हाडं ठणठणीत आहेत."

"हाडांना कुणी विचारलंय? दुखतंय मला!" दादा म्हणाले.

मुलीने दहा ठिकाणी विचारून नसांच्या दुखण्याचे खास डॉक्टर शोधले. तारीख मिळाली सात आठवड्यांनंतरची. ती रोज सकाळी फोन लावायची, "कुणी रद्द केलंय का हो?" आणि एका वहीत लिहून ठेवायची, बाबांना कधी दुखलं, कसं दुखलं, कशाने वाढलं.

सात आठवडे काढायचे कसे? हाताशी मी होते.

"अगं, पाय गार पडलेत," दादा एका दुपारी म्हणाले. वहिनींनी पाणी उकळून मला भरलं, वर तळहात ठेवून बघितला. "कोमट तर आहे."

कोमट? माझं रबर आतून भाजत होतं! वहिनी, तुमचे हात तापलेल्या इस्त्रीपाशी निबर झालेत हो, त्यांना चटका कळत नाही! पण ओरडणार कशी? मला तोंड आहे, त्याला बूच आहे.

दादांनी पाय टेकवले.

"अहो, लागतंय का?"

"छे! अजून गरम चाललं असतं."

आता ओढतील पाय, आता ओढतील, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. त्यांनी ओढले नाहीत. त्यांना चक्क डोळा लागला. अर्ध्या तासाने वहिनींनी मला उचललं, तेव्हा माझ्याबरोबर कातडीही सुटून आली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मलाही मागवून घेतलं. "पाणी किती गरम होतं?"

"कोमट. मी हात लावून बघितला ना!"

बाईंनी वहिनींच्या हातांचे तळवे उलटून पाहिले, त्यांवरून बोट फिरवलं. मग मुलीची वही वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, उभ्याउभ्याच. तिथूनच त्यांनी त्या खास डॉक्टरांना फोन लावला. सात आठवड्यांची तारीख दुसऱ्या दिवसावर आली. पण जाता जाता त्या मुलीला म्हणाल्या, "जखम वर चढली तर मात्र पाय..."

मला घेऊन वहिनी घरी परतल्या त्या त्याच संध्याकाळी. जिन्यातली कुजबुज तेव्हाचीच.

आज त्याला तीन महिने झाले. कापावं लागलं, हे खरं. पण पाय नाही, करंगळी. खास डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं निम्म्यावर आलंय. त्यांनी बजावलंय, या पायांना शेक म्हणून द्यायचा नाही. मुलगी मला फेकायला निघाली होती, वहिनी म्हणाल्या, "माझ्या पाठीला राहू दे."

उरलेलं निम्मं दुखणं मात्र घरातच आहे. आत्ता मुलगी कामावर गेलीय, आणि आतून दादांचा आवाज येतोय, "अगं, जरासंच शेक ना. कोमट. तू हात लावून बघ हवं तर."

वहिनी माझ्या खिळ्यापाशी येऊन उभ्या आहेत.

वहिनी, हात जोडते. माझ्याकडे नको, फोनकडे वळा. आधी लेकीला विचारा.